कर्ता

रैसूतच्या गोदामात माझं काम मोजायचं.
चौदा वर्षं झाली. आधी सिमेंट, मग खजूर, मग फरशा,
आणि त्या ऑक्टोबरात ताडपत्र्या:
निळ्या, चार बाय सहा, एका गाठोड्यात पाच.
वादळ सलालाहवर येता येता वळलं
आणि सरहद्दीपलीकडे उतरलं,
जिथे कितीतरी वर्षं
काही ना काही उतरतंच होतं.

तीन ट्रक निघाले. कागद भरायला माणूस हवा,
म्हणून मलाही चढवलं.
घाटाच्या वळणावर बखीत म्हणाला,
खाली तीन झेंडे आहेत, तिघांनाही सलाम कर.
चौथा दिसला तर झोपेचं सोंग घे.
चौथाही दिसला. मी घोरलो.

नाक्यानाक्यावर पुन्हा मोजणी.
एकाने विचारलं, ही मदत कुणाकडून?
दुसऱ्याने, कुणासाठी?
तिसरा काही बोलला नाही,
दोन गाठोडी उतरवून घेतली
आणि सही केली, फार सुरेख अक्षरात.
मी वहीत लिहिलं: तूट, दहा नग.
कारणाच्या रकान्यात: वारा.

शाळा उभी होती, छप्पर नव्हतं.
वादळाने गेलं की त्याआधीच,
असं विचारलं तर मास्तर म्हणाला, अर्धं अर्धं.
भिंतीवर मिठाची रेघ, छातीएवढ्या उंचीला,
आणि तिच्याही वर गोळ्यांची भोकं,
त्यांत कुणी खडू खोचून ठेवलेले.

अर्जातला पहिला रकाना: कुटुंबाचा कर्ता पुरुष.
तुफूल नावाची बाई पुढे आली.
नवरा? तिने डोंगराकडे हात केला.
दीर? पुन्हा डोंगर, जरा डावीकडे.
बाप? तिने खाली वाळूकडे पाहिलं.
कर्त्याच्या नावाशिवाय ताडपत्री नाही,
हा नियम मी केलेला नाही.
मी फक्त वाचून दाखवला.

ती गेली, आणि एका पोराला ओढत घेऊन आली.
ओढणीच्या टोकाने त्याचं नाक पुसलं,
माझ्या टेबलासमोर उभं केलं.
लिही, कातिब, म्हणाली. मुसल्लम.
वय? सहा.
पुढचा एक दात नव्हता. अंगठा मात्र त्याने
असा दाबला की शाई मनगटापर्यंत गेली.
मग सगळी रांगच हलली.
कुणी चार वर्षांचा आणला, कुणी तीन.
दोन कर्ते तर दुपट्यात झोपलेले होते.

हर्णैला, सातवीत, बाई व्याकरण घ्यायच्या.
‘झाड पडले.’ कर्ता ओळखा.
मी लिहायचो, वारा.
बाई लाल रेघ मारायच्या:
वाक्यात वारा आहे कुठे? झाड कर्ता.
पुढे आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारी आडव्या झाल्या
तेव्हा पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यानेही
कुणी पाडल्या ते विचारलं नाही.
किती, एवढंच.

त्या दिवशी मी दोनशे अकरा अर्ज लिहिले.
घर पडले. विहीर खारी झाली.
होडी गेली. नवरा गेला.
बाई, तुमचं बरोबर होतं.
एकाही वाक्यात वारा नव्हता.
बंदूकही नव्हती.

ताडपत्री मुसल्लमला उचलेना.
आई हात लावायला आली तर तिच्यावर ओरडला,
आणि एक टोक डोक्यावर घेऊन
ओढत निघाला. वाळूत रुंद पट्टा उमटला,
जसा अंडी घालायला आलेल्या कासवीचा उमटतो.

रैसूतला परतल्यावर साहेबांनी यादी चाळली.
सहा? चूक आहे ही.
मी म्हटलं, नाही साहेब, बरोबर आहे.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपण काढलं.
अरबीत शून्य म्हणजे नुसतं टिंब.
सहापुढे टेकवलं, झाला साठ.
तिनाचा तीस झाला, चाराचा चाळीस.
तासाभरात हिशेब जुळला.

मुसल्लम, वय वर्षे साठ, कर्ता पुरुष,
पाच माणसं, एक ताडपत्री, पोच मिळाली.
दात तेवढा यायचाय अजून.